गाव जेवतं तेव्हा जेवावं : कोल्हापूर, मालवण, पणजी

शनिवार : पुणे ते कोल्हापूर

पुणे ते कोल्हापूर हे अंतर सुमारे २३० किलोमीटर. सकाळी जरा उशिरा निघालं, खंबाटकीत ट्रकांच्या मागे थोडा वेळ गेला आणि साताऱ्याला कंदी पेढे घ्यायला थांबलं, की कराडच्या अलीकडे-पलीकडे एक वाजतो. नेमकं इथेच प्रवासातलं पहिलं जेवण बिघडतं. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे ओळखीच्या कितीतरी टपऱ्या आणि खानावळी सेवारस्त्याला पडल्या आहेत, वरून जाताना त्या दिसतसुद्धा नाहीत. दिसतात ती मोठ्या पार्किंगची ‘फॅमिली गार्डन’ हॉटेलं. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई, अशाच एकात शिरलो.

मेनूकार्ड जाडजूड होतं. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, तंदूर, पिझ्झा, सगळं एकाच छपराखाली. अशा स्वयंपाकघरात सकाळीच तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवतात : टोमॅटोची लाल, तळलेल्या कांद्याची तपकिरी, काजू-मगजाची पांढरी आणि हळदीची पिवळी. ऑर्डर आली की त्यातल्या एक-दोन पळ्या कढईत, त्यात पनीर किंवा उकडलेल्या भाज्या, वर क्रीम. मग पनीर हंडी आणि व्हेज मराठा यांच्यात फरक उरतो तो तिखटाचा आणि मलईचा. यात आचाऱ्याचा दोष नाही. भरलेल्या हॉटेलात प्रत्येक टेबलावर दहा-पंधरा मिनिटांत गरम काहीतरी पोचवायचं तर त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो. पण कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमापासून हाकेच्या अंतरावर बसून आपण जे खातो ते वापीला किंवा नागपूरला खाल्लं असतं तरी तसंच लागलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

अशा हॉटेलांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. तिथली स्वच्छतागृहं स्वच्छ असतात. आईच्या वयाच्या बाईला घेऊन प्रवास करताना हा प्रश्न चवीच्या आधी येतो, आणि उत्तम जेवण देणाऱ्या बहुतेक खानावळी इथेच कमी पडतात. मागच्या बाजूला एक अंधारी मोरी, दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. महिनाभराच्या मसाल्यावर जेवढा खर्च होतो त्याच्या थोड्या भागात हे सुधारता येईल. खानावळीच्या मालकांनी हे मनावर घ्यावं असं मला अगदी कळकळीने वाटतं, कारण त्यापायी कित्येक कुटुंबं त्यांच्या दारावरून पुढे निघून जातात.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. संध्याकाळ म्हणजे इथे भेळ. खासबाग मैदानाच्या आसपास गाड्यांभोवती गर्दी असते. राजाभाऊंच्या भेळेचं नाव सर्वांत मोठं, पण शेजारच्या गाड्यांवरही हात तितकेच चालतात. कोल्हापुरी भेळेत कुरमुऱ्यांना तिखटपणा आणि करकरीतपणा दोन्ही हवं, आणि ती हातात पडल्या पडल्या उभ्यानेच संपवायची. पुढे गंगावेशीत दूध कट्टा. म्हशी तिथेच बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. तालमीतून आलेली पोरं तो एका दमात रिकामा करतात. धारोष्ण दूध मला पचत नाही, म्हणून मी घेतलं नाही. आईने घेतलं, आणि ओठावरची साय पुसत दुसरा पेला मागितला.

रविवार : कोल्हापूर

इथून पुढे मी एक गोष्ट नीट पाळली. नव्या गावात ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ असं विचारायचं नाही. ‘तुमच्याकडे हे किती वाजता खातात?’ असं विचारायचं. हॉटेलचं नाव सांगताना माणसं पाहुण्याच्या कपड्यांकडे बघून उत्तर देतात आणि एसी असलेलं काहीतरी सुचवतात. वेळ विचारली की स्वतःच्या घरचं, गल्लीतलं सांगतात.

मिसळीची वेळ सकाळची. फडतरे यांची मिसळ ज्या उद्यमनगरात आहे तो भाग कारखान्यांचा, लेथ आणि फाउंड्र्यांचा. कामावर जाणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत पुरेल असं काहीतरी सकाळी हवं असतं, आणि मिसळ ती गरज भागवते. शिवाय कट पहाटे होतो. सकाळी तो ताजा असतो, वर तर्री वेगळी दिसते, खाली मसाल्याचा गाळ बसलेला नसतो. अकरानंतर गेलात तर त्याच पातेल्यात पाणी आणि तिखट वाढत गेलेलं असतं. कोल्हापुरात मिसळीबरोबर गोल पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस देतात. बाहेरच्यांना ते चमत्कारिक वाटतं, पण कट शोषून घ्यायला स्लाइस खरंच चांगला. तो बुडवल्याबरोबर भिजतो, पाव मात्र आतून कोरडा राहतो. आम्ही साडेआठला बसलो. शेजारच्या बाकावर बापलेक होते, मुलगा सात-आठ वर्षांचा. त्याच्यासाठी वडिलांनी कट वेगळा मागितला आणि त्यात दही कालवलं. नाकडोळे पुसत तो शेवटपर्यंत खात होता.

अंबाबाईचं दर्शन झालं आणि मग वाट बघायची ती एक वाजायची. कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. त्यातही रविवार मोठा : सकाळी मटणाच्या दुकानांसमोर पिशव्या घेतलेल्यांच्या रांगा, आणि बाराच्या सुमाराला गल्लीगल्लीतून येणारा भाजलेल्या खोबऱ्याचा वास. ज्या दिवशी घरोघरी मटण शिजतं त्या दिवशी खानावळवाल्यालाही चांगलंच द्यावं लागतं, कारण त्याचं गिऱ्हाईक नुकतंच घरचं जेवून आलेल्या माणसाशी संध्याकाळी कट्ट्यावर बोलणार असतं. शिवाय मटण सकाळचंच असतं.

आम्ही गेलो ती खानावळ एका जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आहे. ताट म्हणजे सुक्कं मटण, खिमा, तांबडा, पांढरा, कांदा-लिंबू, ज्वारीची भाकरी आणि शेवटी भात. मटण शिजवताना निघालेल्या अळणी पाण्यावर नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ घालून पांढरा रस्सा होतो. तो तिखट कमी आणि गरम मसाल्याने उष्ण असतो. तांबड्याला जीव येतो कांदा-लसूण चटणीने, म्हणजे लाल मिरची, खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण एकत्र कांडून वर्षभरासाठी भरून ठेवलेल्या मसाल्याने. आधी पांढरा पिऊन घ्यावा, मग तांबड्याकडे वळावं. हॉटेलांत ‘कोल्हापुरी’ नाव लावून जी आग विकतात ती या ताटात कुठेच नव्हती. तांबडा झणझणीत होता, पण त्यात खोबऱ्याची गोडी लागत होती, मटणाची चव लागत होती, आणि जेवून उठल्यावर घशात जळजळ नव्हती. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी कोल्हापूरच्या कुठल्या घरात होते हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

वाढपी रश्शाचं भांडं घेऊन फिरत होता. आईने वाटीवर हात ठेवला तर म्हणाला, “असं कसं मावशी, एवढ्यावर कुठं? पांढरा तरी घ्या की.” आणि हात बाजूला होण्याची वाट बघत उभा राहिला. रश्शाचे वेगळे पैसे नसतात. हा आग्रह पुण्यातल्या महागड्या हॉटेलातल्या अदबशीर सेवेपेक्षा मला शंभर पटींनी प्रिय आहे.

टेबलं लांब होती, त्यामुळे आमच्या समोर एक रिक्षावाले काका आणि कोर्टाच्या कामाला आलेलं एक जोडपं बसलं होतं. अनोळखी माणसं एका टेबलावर बसून जेवतात ही गोष्ट आज साधी वाटते, पण कोल्हापुरातच तिच्यासाठी एका राजाला चहा प्यावा लागला होता. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या तबेल्यात नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचं हॉटेल काढायला मदत केली. ‘सत्यसुधारक’ हे त्याचं नाव. दलिताच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. जेवण झाल्यावर भाऊसिंगजी रोडवर चहा घेताना आईने ही गोष्ट सांगितली. तिने ती तिच्या वडिलांकडून ऐकलेली. बाहेर जेवण्याच्या आपल्या इतिहासात यापेक्षा मोठा प्रसंग मला माहीत नाही.

रात्री कोणालाच भूक नव्हती.

सोमवार : आंबोलीमार्गे मालवण

आईचा सोमवार. आजऱ्यावरून आंबोलीकडे जाताना दोन ठिकाणी साबुदाण्याची खिचडी विचारली. एकीकडे संपली होती, दुसरीकडे ती तेलात ओथंबलेली होती. आईने राजगिऱ्याचा लाडू आणि केळ्यावर भागवलं. उपासाचं खाणं बाहेर विकत घेताना शेंगदाण्याचं कूट बघावं. ताजं असेल तर खिचडीला खमंग वास येतो, नसेल तर खवट, आणि तो दुरूनच कळतो.

आजऱ्याला घनसाळ तांदूळ घेतला. बारीक दाण्याच्या या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तो इथल्या एखाद्या हॉटेलात ताटात पडेल अशी आशा होती, पण जिथे जिथे विचारलं तिथे ‘आमच्याकडे कोलम’ असंच उत्तर मिळालं. गावातल्या दुकानात जे अभिमानाने विकतात ते गावातल्या ताटात का नसावं? दर ताटामागे थोडे जास्त पैसे मी आनंदाने दिले असते.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी दुपारी पोचलो. भालेकरांच्या खानावळीचं नाव बरेच जण घेतात, पण ते मटण-मासळीसाठी, आणि सोमवारी आम्ही दोघंही आईबरोबर शाकाहारीच होतो. मी आणि नवऱ्याने बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात उसळ-पाव खाल्ला. ओल्या खोबऱ्याच्या वाटपाची पातळ उसळ, वर बारीक कांदा. घाट उतरला की खोबरं सुक्याचं ओलं होतं आणि तिखटाचा सूर खाली येतो. तो बदल इतका झटकन होतो की सकाळी कोल्हापूर सोडलंय हे खरं वाटत नाही.

मालवणला उतरलो ती जागा म्हणजे एका काकूंचं घर. पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि अंगणात जेवणाची सोय. फोनवर मी आधीच विचारलं होतं, ‘सोमवारी काय असतं तुमच्याकडे?’ त्या म्हणाल्या, “सोमवारी आमच्यात पण मासो नाय. वाटाण्याचा सांबारा करतंय, तुमका चालात?” चालात काय, धावलंच. काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, वालीची भाजी, सोलकढी. दिवस मावळल्यावर आईने या ताटावर सोमवार सोडला. मालवणला जाऊन शाकाहारी काय खायचं असं म्हणणाऱ्यांनी सोमवारी मुक्काम करावा. त्या दिवशी ते ताट तडजोड म्हणून येत नाही. स्वयंपाकघराचं सगळं लक्ष त्यावरच असतं.

मंगळवार : मालवण

सकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढत आणायची. तीस-चाळीस माणसं दोरीला होती, म्हातारे आणि पोरंसुद्धा. जाळ्यात बांगडे, पेडवे, थोडी कोळंबी. नऊपर्यंत वाटणी होऊन टोपल्या निघाल्या. मासे खायची वेळ इथेच ठरते. सकाळी आलेला मासा दुपारी ताटात पडला तर त्याला काही करावंच लागत नाही. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा अर्क), तिखट, बस्स. तोच मासा बर्फातून रात्री आला की त्याच्यावर मसाल्याचा जाड थर चढतो. म्हणून किनाऱ्यावर मासे दुपारी खावेत, बाराच्या पुढे आणि दोनच्या आत.

काकूंनी विचारलं, “काय करू?” नवऱ्याने पुण्याच्या सवयीने सुरमई म्हटलं. काकूंनी मान हलवली. “सुरमय आज नाय गावली. बांगडो आसा, ताजो. तिखला करतंय.” बांगड्याचं तिखलं म्हणजे नारळाशिवाय केलेलं, लाल मिरची, कोकम आणि ठेचलेलं तिरफळ घातलेलं दाटसर कालवण. तिरफळ जिभेवर किंचित बधिरपणा आणतं आणि बांगड्याचा उग्र वास मवाळ करतं. सोबत तळलेले पेडवे, काट्यासकट खायचे, भात आणि सोलकढी. चौघांच्या जागी तिघं होतो तरी भाताचं भांडं रिकामं झालं.

पर्यटक फक्त सुरमई आणि पापलेट मागतात, त्यामुळे हॉटेलवाले ते दूरच्या बंदरांतून बर्फात आणवतात आणि दारातला बांगडा मागे पडतो. हे मला पटत नाही. खिशालाही तो बर्फातला मासा जड जातो, आणि किनाऱ्यावर आल्याचा उपयोग काय मग? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा तर ही हौस सरळ शीतगृहातून भागवली जाते. त्या दोन महिन्यांत जाणाऱ्यांनी खाडीतलं, नदीतलं किंवा सुकं मागावं. सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, आणि पेज यांच्यापुढे बर्फातलं पापलेट फिकं पडतं.

दुपारी होडीने सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. आत अजूनही वस्ती आहे, आणि तिथे मिळालेलं कोकम सरबत खरंखुरं होतं : रंग गडद, आंबटपणा पुढे, साखर मागे. रात्री कोंबडी-वडे. वडे तांदूळ-उडदाच्या पिठाचे, कढईतून थेट पानात. ते गार झाले की चिवट होतात, म्हणून पार्सल कधी घेऊ नये.

बुधवार : पणजी

पत्रादेवीची हद्द ओलांडून म्हापशाला नाश्ता. गोव्यातल्या हॉटेलात सकाळी पातळ भाजी, सुकी भाजी, तोणाक अशा फळ्यावर लिहिलेल्या भाज्यांतून दोन निवडायच्या, एकत्र मिसळून घ्यायच्या, आणि पाव. पाव पहाटेचा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ फिरतो, त्यामुळे दिवसातून दोनदाच पाव खऱ्या अर्थाने ताजा असतो. कोंड्याचा पोळी नावाचा पाव, कडक उंडो, बांगडीसारखं कांकण : आईने तिन्ही घेतले आणि पोळी सर्वांत उजवा ठरवला.

पणजीत दुपारची थाळी पाऊण वाजता गाठली. एकला जागा मिळत नाही आणि तीननंतर स्वयंपाकघर मिटतं, कारण शहरच विश्रांती घेतं. हुमण (माशाचं खोबऱ्यातलं कालवण), किसमूर, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, रव्यात तळलेला तुकडा, सोलकढी. आता बऱ्याच ठिकाणी न विचारता पांढरा भात आणतात. उकड्या तांदळाचा भात मागून घ्यावा. हुमणाचं खोबरं आणि आंबटपणा त्या जाड, किंचित मातकट भातावरच खुलतो.

किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा हॉटेलात, चारच्या सुमाराला बसलो. मेनू जगभरचा होता, मासा रबरासारखा आणि बिल तिप्पट. शॅकमध्ये समुद्र बघायला जावं, लिंबूसोडा प्यावा आणि उठावं.

संध्याकाळी सातनंतर मात्र पणजीत गाडे लागले. रोस ऑम्लेट : साधं ऑम्लेट, त्यावर चिकन शाकुतीचा वाफाळता रस, चिरलेला कांदा, लिंबू, आणि संध्याकाळच्या पोदेराचा पाव. भाजलेलं खोबरं, खसखस, बडीशेप यांचा वास रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत येत होता. ऑफिसातून सुटलेली माणसं स्कूटर न बंद करता ऑर्डर देत होती. या सगळ्या प्रवासातलं सर्वांत स्वस्त जेवण हेच, आणि माझ्या मते पहिल्या तिघांत बसणारं.

गुरुवार : चोर्ला, बेळगाव, पुणे

चोर्ला घाट चढून बेळगावला कुंदा घेतला. दूध आटवून, साखरेवर तपकिरी होईपर्यंत परतलेला, दाणेदार. कॅम्पातलं दुकान गर्दीचं होतं, पण खवय्यांनी मांडेही बघावेत. पालथ्या खापरावर भाजलेली ती पातळ, गोड सारणाची चादर घडी घालून देतात आणि ती तुटू न देता पुण्यापर्यंत आणणं अवघड असतं. आम्ही आणली.

कराडच्या आसपास आठ वाजले. पुन्हा तीच गार्डन हॉटेलं. यावेळी मी मेनू बाजूला ठेवला आणि मालकांना विचारलं, “तुमची माणसं आज काय जेवणार आहेत?” ते थोडे गोंधळले, मग आत जाऊन आले. म्हणाले, “काय नाही ताई, आमटी-भात, मेथी आणि भाकरी. पोरांपुरतंच केलंय.” मी म्हटलं, तीन माणसांपुरतं निघत असेल तर तेच द्या. आचारी स्वतः बाहेर आला, खात्री करून घेतली आणि भाकऱ्या नव्याने थापायला लावल्या. लसणीची फोडणी दिलेली तुरीची आमटी, मुगाची डाळ घातलेली कोरडी मेथी, शेंगदाण्याची चटणी. आईने आमटी तीनदा घेतली. बिलाच्या मशीनमध्ये यातला एकही पदार्थ नव्हता, म्हणून मालकांनी तीन दाल-राइस लावले आणि भाकऱ्यांचे पैसे घ्यायचं नाकारलं. ते पैसे नवऱ्याने आत जाऊन भाकऱ्या करणाऱ्या मावशींच्या हातात दिले.